शेवटचं ऊन

औरादच्या पुढं, तेरणा मांजरेला मिळते तिथं
काठ उभा कापलेला आहे.
नदीनंच कापलाय. आम्ही फक्त खरवडला,
खुरप्यानं, मग कुंच्यानं, मग श्वास रोखून.
साडेसात मीटर.
वरून खाली वाचायचं की खालून वर
हे आधी ठरवावं लागतं.
यल्लप्पा धोत्रे म्हणाला, वाचता कशाला बाई, उतरा.

त्याचा बाप विहिरी खणायचा. हाही.
पहारीच्या आवाजावरून सांगतो:
आता मुरूम, आता मांजऱ्या,
आता पोकळ बोलली, थांबा.

मी कणभर माती दाढेखाली धरते.
करकरली तर पोयटा, गुळगुळीत चिकटली तर चिकण.
तो हसतो, डोहाळे लागल्यावानी खाता की!
मग स्वतःही चिमूट टाकतो तोंडात,
थुंकतो, म्हणतो,
संथ पाण्याची हाय ही. घाई नव्हती तिला.
माझ्या प्रबंधात हेच वाक्य
पाच आकडे आणि एक आलेख होऊन जाईल.

चार मीटरवर चुनखडीच्या गाठी.
हरभऱ्याएवढ्या, सुपारीएवढ्या,
मग मोजणं सोडून द्यावं इतक्या.
पाऊस यायचा, पण खाली पोचायचा नाही.
अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा
चुना मागं ठेवून.
किती वर्षं? यल्लप्पा विचारतो.
मी वीत ताणून भिंतीला लावते. एवढी.
हजार तर असतीलच, जास्तीच.
तो बघत राहतो त्या वीतभर तहानेकडं.
मग विचारतो, लातूरला रेल्वेनं पाणी आलं
ते वरीस हितं किती जाड दिसंल?

मी कुंचा झटकते.
दुसरं काय करणार.

गाठींच्या खाली वाळू, फुटके शिंपले,
आणि अकीकाची एक छिलपी, अजून बोट कापेल अशी.
कुणीतरी इथं धार काढत बसलं होतं.
उकिडवं की मांडी घालून,
ते गाळ सांगत नाही.

आणि सगळ्यात वर पांढरी.
काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे घर,
हे इथल्या पोरालाही ठाऊक.
मला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली कळलं
की ती राखेनं पांढरी आहे:
चुली, गोवऱ्या, खचलेल्या भिंती, कुणाच्या तरी मडक्याचा काठ.
निम्मी तर लोकांनी गाड्या भरभरून नेली,
माळवदं गळू नयेत म्हणून.
म्हणजे माझे काही थर
आता रेहानाबींच्या छतावर आहेत,
त्यांच्यावर मिरच्या वाळतात.
मी शिडी चढून नमुना मागितला, तर म्हणाल्या,
घ्या, पण कडेचा घ्या.
मधलं उचललं तर पाणी थेट पीठाच्या डब्यात येतं.

शेवटचं काम अंधाराचं.
घोंगडी टांगून, तिच्या आत शिरून
पोलादी नळी ठोकायची गाळात,
दोन्ही तोंडं बांधायची, वर काळं प्लास्टिक.
कारण वाळूचा कण
आपण शेवटचं ऊन कधी पाहिलं
हे मोजत बसलेला असतो.
पुन्हा ऊन लागलं की विसरला.
एवढी वर्षं सांभाळलेलं
एका क्षणात.

परतीच्या एसटीत नळ्या मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, यात काय?
माती.
मातीला एवढं गुंडाळून?
मी सांगितलं. निम्मं त्याला ऐकू आलं,
निम्मं खडखडाटात गेलं.
निलंगा सोडल्यावर ऊन खिडकीतून
सरकत सरकत माझ्या गुडघ्यापर्यंत आलं,
तेव्हा तो मागून आला,
खांद्यावरचा टॉवेल काढून
नळ्यांवर टाकला,
आणि पुढच्या सीटचं तिकीट फाडायला गेला.